खंड पडलेली वर्षे
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांचे निमंत्रणपत्र आले तेव्हा त्यांनी त्यात एक अट घातली होती. विषय वक्त्याने आपल्या आवडीचा घ्यावा, मात्र तो विद्यार्थ्यांना उद्‌बोधक असावा. आता माझे सारे आयुष्य महाविद्यालयाच्या क्रीडांगणावर, गळ्यात शिटी अडकवून गेलेले. वेदान्त मला येत नाही आणि अर्थशास्त्र माझ्या घरच्या जमाखर्चापलीकडे कधी गेले नाही. जे थोडेफार कळते ते बास्केटबॉलचे. तेव्हा त्याच खेळाच्या इतिहासातील एक प्रकरण मी आपणांपुढे मांडणार आहे. ते अमेरिकेतील आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे, आणि त्याचा आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्ती निधीशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. तो संबंध मी शेवटी सांगेन. तोवर आपण थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरात खेळता यावे म्हणून त्याने सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पन्नास वर्षांत हा खेळ अमेरिकेतील महाविद्यालयांचा जीव की प्राण होऊन बसला. त्या काळी धंदेवाईक खेळाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. गावोगावच्या लोकांचे प्रेम होते ते महाविद्यालयांच्या संघांवर, आणि त्यातील खेळाडू म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची पोरे.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. पुढच्या नोव्हेंबरात सक्तीच्या लष्करभरतीचे वय अठरापर्यंत खाली आणण्यात आले. आपण क्षणभर विचार करा. महाविद्यालयात प्रवेश घेण्याचे वय अठरा आणि बंदूक हाती घेण्याचे वयही अठरा! युद्ध संपेपर्यंत सुमारे एक कोटी साठ लक्ष अमेरिकन स्त्री-पुरुषांनी सैन्यात सेवा केली, आणि त्यांपैकी चार लक्षांहून अधिक परत आले नाहीत. एवढ्या मोठ्या लोंढ्यात पाच-दहा खेळाडूंचे काय ते अप्रूप? पण मोठी संख्या ऐकून मन बधिर होते, आणि ओळखीचे चार चेहरे पाहिले म्हणजेच तिचा अर्थ उमगतो. म्हणून मी आपणांस थोड्या चेहऱ्यांची ओळख करून देतो.

इलिनॉय विद्यापीठात १९४१-४२ मध्ये पाच मुलांचा एक संघ जमला. अँडी फिलिप, जीन व्हान्स, केन मेंकी, जॅक स्मायली आणि आर्ट मॅथिसेन. पाचही जण त्याच प्रांतातले. लोकांनी लाडाने त्यांचे नाव ठेवले ‘व्हिझ किड्स’, म्हणजे आपल्या भाषेत ‘चलाख पोरे’. पहिल्याच वर्षी त्यांनी आपल्या विभागाचे विजेतेपद मिळविले. दुसऱ्या वर्षी, १९४२-४३ मध्ये, विभागातील बाराच्या बारा सामने त्यांनी जिंकले. एकूण अठरा सामन्यांत त्यांचा पराभव झाला तो फक्त एकदा, आणि तोही कॅम्प ग्रँट या लष्करी तळाच्या संघाकडून. कारण तोवर चांगले खेळाडू महाविद्यालयांतून निघून लष्करी तळांवर गोळा होऊ लागले होते. १ मार्च १९४३ रोजी शिकागो विद्यापीठाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्यांनी ९२ विरुद्ध २५ असा विजय मिळविला. एकट्या अँडी फिलिपने ४० गुण केले.

राष्ट्रीय अजिंक्यपद आता हाताच्या अंतरावर होते. पण त्याच सुमारास पाचांपैकी तिघांना सैन्यात दाखल होण्याचे बोलावणे आले. उरलेल्यांनी बदली खेळाडू घेऊन स्पर्धेत उतरता आले असते. त्यांनी तसे केले नाही. पाचजण मिळून जे मिळवायचे ते तिघांना वगळून मिळवायचे नाही, असे ठरले आणि संघाने राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. फिलिप मरीन दलात अधिकारी झाला आणि इवो जिमा बेटावरील भयंकर लढाईत होता. स्मायली तोफखान्यात होता. १९४४ च्या हिवाळ्यात आर्देनच्या जंगलात जर्मनांनी जो शेवटचा मोठा हल्ला चढविला, त्या धुमश्चक्रीत तो सापडला. ज्या हातांनी चेंडू फेकायचा, त्या हातांनी तोफगोळे भरले.

त्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद वायोमिंग विद्यापीठाने मिळविले. त्यांचा नायक केनी सेलर्स. आज बास्केटबॉल खेळणारे कोणतेही मूल उडी मारून, हवेत असताना, एका हाताने चेंडू टाकते. ही रीत रूढ करणाऱ्या आरंभीच्या खेळाडूंत सेलर्सचे नाव फार वरचे आहे. अंतिम सामन्यानंतर दोन दिवसांनी, १ एप्रिल १९४३ रोजी, रेड क्रॉसच्या मदतीसाठी खास सामना झाला. त्यातही वायोमिंगने सेंट जॉन्सचा पराभव केला. आणि पुढच्या हंगामात या राष्ट्रविजेत्या विद्यापीठाचा संघच उरला नाही! खेळणारी मुले युद्धावर गेली. सेलर्सही मरीन दलात भरती होऊन पॅसिफिकमध्ये गेला. विजयाचे ढाल-चषक कपाटात, आणि क्रीडांगण ओस.

मागे उरलेल्या महाविद्यालयांत काय घडले तेही मोठे विलक्षण आहे. एरवी प्रथम वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत. आता तो निर्बंध शिथिल झाला. लष्कराच्या उंचीची मर्यादा सहा फूट सहा इंच होती. त्याहून उंच तरुणास सैन्य घेत नसे. त्यामुळे सात फुटी बॉब कर्लंड आणि सहा फूट दहा इंची जॉर्ज मायकन हे महाविद्यालयात राहिले आणि आकाशाएवढे मोठे झाले. कर्लंडच्या ओक्लाहोमातील संघाने १९४५ आणि १९४६ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद पटकावले. १९४३ च्या जुलैपासून नाविक दलाने अधिकारी घडविण्यासाठी महाविद्यालयांत शिक्षणवर्ग उघडले आणि हुकूम सुटेल त्याप्रमाणे विद्यार्थी एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊ लागले. डिक मॅग्वायर हा खेळाडू हंगामाच्या प्रारंभी सेंट जॉन्सकडून खेळला, आणि त्याच हंगामाच्या अखेरीस डार्टमथकडून राष्ट्रीय अंतिम सामन्यात उतरला. कोणाचा संघ कोणता, हे पाहण्याइतकी उसंत युद्धाला नव्हती.

याच डार्टमथ विद्यापीठाची एक आठवण सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९४२ साली या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा नायक चार्ल्स पिअर्सन हा होता. फुटबॉल संघाचाही नायक तोच, आणि अभ्यासातही त्याचा क्रम इतका वर की पदवीदानाच्या वेळी आपल्या वर्गाच्या वतीने निरोपाचे भाषण करण्याचा मान त्याला मिळाला. त्याचा संघ त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टॅनफर्डकडून हरला. तो नाविक दलात वैमानिक झाला. १९४४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस, पॅसिफिकमधील पलाऊ बेटांजवळ शत्रूच्या जहाजावर झेप घेत असता तो मारला गेला. आणि त्याच मार्च महिन्याच्या अखेरीस, २८ तारखेला, त्याच्याच विद्यापीठाचा नवा संघ न्यूयॉर्कमध्ये पुन्हा एकदा राष्ट्रीय अंतिम सामना खेळत होता. इंडियाना विद्यापीठाचा बिल मेंकी याची गोष्टही अशीच. १९४० साली त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पुढे तोही नाविक दलात वैमानिक झाला, आणि जानेवारी १९४५ मध्ये उड्डाणास गेलेला परत आला नाही. अशांसाठी कोणतेही विद्यापीठ, कोणताही कायदा काही करू शकत नाही. त्यांना आपण येथूनच वंदन करू या.

२८ मार्चच्या त्या सामन्यात डार्टमथला हरविले ते यूटा विद्यापीठाने. हा संघ बहुतांशी प्रथम वर्षाच्या कोवळ्या पोरांचा. त्यांची खेळण्याची इमारत लष्कराने ताब्यात घेतलेली. विभागीय स्पर्धा बंद पडलेली. न्यूयॉर्कच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत ते पहिल्याच फेरीत हरले होते. राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली तीही आर्कान्सॉ विद्यापीठाचे खेळाडू मोटारअपघातात जखमी होऊन तो संघ गळाला म्हणून. आणि अशा या संघाने जादा वेळेत ४२ विरुद्ध ४० असा विजय मिळविला!

या संघात वॅट मिसाका नावाचा एक मुलगा होता. उंची अवघी पाच फूट सात इंच. जन्म अमेरिकेतलाच, यूटा प्रांतातील ऑग्डन गावचा. पण आईबाप जपानी. वडिलांचे केशकर्तनाचे दुकान होते. ते वारल्यावर आईने दुकान चालविले आणि मुले वाढविली. पर्ल हार्बरनंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लक्ष वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना सरकारने घरेदारे सोडावयास लावून छावण्यांत डांबले. त्यांत बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्यांचा अपराध एकच, तो म्हणजे त्यांचे रक्त. मिसाका किनाऱ्यापासून दूर राहत होता म्हणून तो छावणीबाहेर राहिला. परंतु अशीच एक छावणी, टोपाझ नावाची, त्याच्याच प्रांतात होती. विद्यापीठाच्या नावाचा सदरा घालून तो खेळत होता, तेव्हा त्याच्यासारख्याच चेहऱ्याची मुले तेथे काटेरी तारेच्या आड होती.

राष्ट्रीय विजेता होऊन तो परतला, आणि त्यालाही सैन्याचे बोलावणे आले. त्याने दोन वर्षे सेवा केली. युद्ध संपल्यावर त्याला जपानमध्ये पाठविण्यात आले, आणि तेही कोठे? हिरोशिमाला! त्याच्या आईबापांचे मूळ गाव त्याच परिसरातले. अणुबाँबमधून वाचलेल्या लोकांच्या मुलाखती घेण्याचे काम त्याच्याकडे आले. अंगावर विजेत्या सैन्याचा पोशाख, आणि समोर आपल्याच रक्ताची, होरपळलेली माणसे. त्या तरुणाच्या मनाची कल्पना आपण आपापल्या परीने करावी. माझे शब्द तेथे अपुरे आहेत.

आता मी ज्यासाठी हे सारे सांगितले त्या मुद्द्याकडे वळतो. ही मुले परत आली तेव्हा काय झाले?

फिलिप, व्हान्स, मेंकी आणि स्मायली हे चौघे १९४६-४७ मध्ये पुन्हा इलिनॉय विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुन्हा संघातून खेळले. सेलर्स १९४६ साली वायोमिंगमध्ये परतला. मिसाकाही त्याच वर्षी यूटा विद्यापीठात परतला, आणि १९४७ च्या मार्चमध्ये त्याच्या संघाने न्यूयॉर्कच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत केंटकीच्या बलाढ्य संघाला ४९ विरुद्ध ४५ असे हरविले. केंटकीचा नामांकित खेळाडू राल्फ बेअर्ड याला मिसाकाने त्या दिवशी एका गुणाच्या पुढे जाऊ दिले नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या धंदेवाईक संघाने त्याला निवडले. श्वेतवर्णीय नसलेला तो त्या श्रेणीतील पहिलाच खेळाडू. तीन सामन्यांनंतर संघाने त्याला मोकळे केले. तो शांतपणे यूटामध्ये परतला, अभियंता झाला, आणि २०१९ साली पंचाण्णव वर्षांचे कृतार्थ आयुष्य संपवून गेला.

हे परतणे आपोआप घडले नाही, मित्रहो. त्यामागे दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे, युद्धात गेलेली वर्षे खेळाच्या पात्रतेतून वजा धरली गेली नाहीत. ‘तुम्ही तीन वर्षे कोठे होता?’ असे कोणी त्यांना दारात अडवून विचारले नाही. दुसरी म्हणजे, २२ जून १९४४ रोजी, युद्ध अजून ऐन भरात असतानाच, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने परतणाऱ्या सैनिकाच्या शिक्षणाची फी वर्षाला पाचशे डॉलरपर्यंत सरकारने भरावी आणि शिवाय दरमहा निर्वाहखर्चही द्यावा असे ठरले. या योजनेतून सुमारे बावीस लक्ष माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. वर्गात पंचविशीतले, तिशीतले, बायकापोरे असलेले विद्यार्थी दिसू लागले. शेतकऱ्यांची आणि गिरणीकामगारांची जी मुले एरवी विद्यापीठाची पायरी चढली नसती, ती पदवीधर झाली. या चित्राला काळी बाजूही होती, ती लपवू नये. कायदा सर्वांसाठी एकच असला तरी अनेक ठिकाणी कृष्णवर्णीय सैनिकांना त्याचा लाभ देताना टाळाटाळ झाली. दार उघडे ठेवणारे लोकही कधी कधी उंबरठ्यावर माणसाची जात पाहतात, हा अनुभव काही आपल्याच देशाचा नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दार उघडे ठेवल्याने गेलेली वर्षे परत येत नाहीत. इलिनॉयचे चौघे परतले, पण त्यांना विभागीय विजेतेपद पुन्हा मिळाले नाही. ते त्या वर्षी विस्कॉन्सिनने नेले. १९४३ साली जे राष्ट्रीय अजिंक्यपद समोर उभे होते ते त्यांच्या हाती कधीच आले नाही. पाय जड झाले होते, आणि मनही पूर्वीचे राहिले नसणार. परंतु त्यांचे शिक्षण पुढे चालू झाले. फिलिप पुढे धंदेवाईक खेळातही चमकला आणि १९५७ साली बॉस्टनच्या विजेत्या संघात होता. गेले ते गेले. पण जे उरले होते ते वाया गेले नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे सार एवढेच आहे.

आता माझ्या कबुलीची पाळी. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शिष्यवृत्ती समितीवर होतो. कोणत्या, ते विचारू नका. द्वितीय वर्षात शिकणारा एक हुशार मुलगा वडिलांच्या दुखण्यामुळे कॉलेज सोडून घरच्या दुकानात बसला. दोन वर्षांनी वडील बरे झाले, धाकटा भाऊ हाताशी आला, आणि या मुलाने पुन्हा अर्ज केला. नियमात स्पष्ट लिहिले होते की, शिक्षणात खंड पडल्यास शिष्यवृत्ती रद्द समजावी. मी नियमावर बोट ठेवले आणि अर्ज बाजूला सारला. त्याने वाद घातला नाही. खाली मान घालून नमस्कार केला आणि तो गेला. पुन्हा कॉलेजात त्याचे नाव कधी दिसले नाही. मी नियमाने वागलो होतो, तरी आज इतक्या वर्षांनी मला त्याची खाली गेलेली मान दिसते. तो मुलगा पळून गेला नव्हता. तो आपल्या घराची लढाई लढायला गेला होता. आणि तो परतला तेव्हा मी दार लावून घेतले.

बंधुभगिनींनो, आपल्या निधीच्या नियमावलीतही असेच एक कलम आहे. मी ते मुद्दाम मागवून वाचले. ज्यांनी ते घातले त्यांचा हेतू वाईट नव्हता. निधी लहान होता, उनाड मुलांना आळा घालावयाचा होता. पण या कलमाने कोण अडते ते पाहा. आजारी बापाची सेवा करणारा मुलगा अडतो. सैन्यात भरती होऊन काही वर्षांनी परतणारा तरुण अडतो. आणि सर्वांत अधिक अडतात त्या आपल्या मुली. एखादीचे लग्न पदवीपूर्वी होते, पाठोपाठ मूल होते; चार-पाच वर्षांनी तिला पुन्हा शिकावेसे वाटते, तेव्हा तिचे नाव माहेरच्या यादीतून गळालेले असते आणि सासरच्या यादीत चढलेले नसते. आपण टाळ्या वाजवून तिला सासरी पाठविली. मग तिची शिकण्याची जागा कोणाकडे ठेवली?

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. घरच्या अडचणीमुळे, आजारामुळे, सैन्यसेवेमुळे वा बाळंतपणामुळे पडलेला खंड हे शिष्यवृत्ती रद्द होण्याचे कारण समजू नये. वयोमर्यादा मोजताना ती वर्षे सोडून द्यावीत. आणि विवाहित मुलीचा अर्ज माहेर व सासर यांपैकी कोणत्याही बाजूने स्वीकारावा. याला पैसा फार लागणार नाही. थोडे मोठे मन लागेल.

शेवटी एक शब्द, वॅट मिसाकासाठी. आपण येथे जमलेले लोक जन्माच्या धाग्याने बांधलेले आहोत. एकमेकांना हात देण्यासाठी हा धागा चांगला. दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी त्याची तार होऊ देऊ नये. ज्या देशाने त्याच्या जातभाईंना तारेआड ठेवले, त्याच देशातील एका विद्यापीठाने त्याची जागा राखून ठेवली. या दोहोंपैकी कोणाचे अनुकरण करावयाचे, हे प्रत्येक समाजाने आपले आपण ठरवावयाचे असते.

आज बक्षिसे घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. आपला मार्ग सलग आणि निर्वेध जावो. पण ज्यांच्या मार्गात खंड पडला, जे आज या यादीत नाहीत, त्यांच्यासाठी पुढील वर्षी या सभागृहात काही खुर्च्या राखून ठेवाव्यात, एवढी विनंती आहे.